पंचेचाळीस हजार पाचशे

लिनक्स चालणाऱ्या बऱ्याच संगणकांवर 'टेम्प१_इनपुट' नावाची एक फाइल असते. ती उघडली की आत एकच आकडा दिसतो, समजा ४५५००. थोड्या वेळाने पुन्हा उघडली तर ४६००० दिसतो. मधल्या वेळात त्या फाइलीत कोणी काहीही लिहिलेलं नसतं, कारण डिस्कवर अशी फाइलच नसते. तुम्ही ती वाचायला गेलात की कर्नलमधलं, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यातलं, एक छोटं फंक्शन कामाला लागतं. ते बोर्डावरच्या दोन तारांवरून पाचेक मिलिमीटर लांबीच्या, आठ पायांच्या चिपला तापमान विचारतं, उत्तरादाखल आलेले दोन बाइट उलगडतं आणि आकडा तुमच्यापुढे ठेवतं. ४५५०० म्हणजे ४५.५ अंश सेल्सिअस. ते फंक्शन ज्या प्रोग्रॅमचा भाग असतं तो म्हणजे त्या चिपचा ड्रायव्हर.

ड्रायव्हर म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे प्रिंटर किंवा ग्राफिक्स कार्ड येतं. ते ड्रायव्हर अवाढव्य असतात आणि त्यांच्यापासून सुरुवात केली तर माणूस हरवून जातो. ऑपरेटिंग सिस्टीम आणि हार्डवेअर यांचं नातं समजून घ्यायचं असेल तर तापमापक चिपचा ड्रायव्हर वाचावा, असं माझं ठाम मत आहे. चिपचं काम एवढंसं, त्यामुळे ड्रायव्हरही एका बैठकीत वाचून होतो. तरीही मोठ्या ड्रायव्हरमधले जवळपास सगळे पेच त्यात सापडतात.

या प्रकरणासाठी मी एलएम७५ ही चिप निवडली आहे. नॅशनल सेमीकंडक्टर या अमेरिकन कंपनीने ती १९९०च्या दशकात बाजारात आणली. २०११मध्ये ही कंपनी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने विकत घेतली. चिप मात्र टिकली, इतकी की एनएक्सपी, एसटी, मायक्रोचिप, अॅनालॉग डिव्हायसेस अशा अनेक कंपन्यांनी तिच्याशी मिळतीजुळती भावंडं काढली. लिनक्समध्ये या सगळ्या गोतावळ्याला मिळून एकच ड्रायव्हर आहे आणि त्याचं नाव आजही 'एलएम७५' हेच आहे.

आधी चिपच्या पोटात डोकावू. सिलिकॉनच्या ट्रान्झिस्टरमधून ठरावीक प्रवाह सोडला तर त्याच्या बेस आणि एमिटरमधलं व्होल्टेज तापमान वाढेल तसं घटत जातं, अंशामागे साधारण २ मिलिव्होल्टने. पण प्रत्येक ट्रान्झिस्टर थोडा वेगळा निघतो, म्हणून नुसत्या या व्होल्टेजवर भिस्त ठेवता येत नाही. यावर एक सुंदर युक्ती आहे. एकदा लहान आणि एकदा मोठा प्रवाह सोडून दोन्ही वेळचं व्होल्टेज मोजायचं आणि त्यांतला फरक घ्यायचा. हा फरक फक्त प्रवाहांचं गुणोत्तर, निसर्गातले दोन स्थिरांक आणि निरपेक्ष तापमान यांच्यावरच अवलंबून असतो. ट्रान्झिस्टर कसा बनला आहे, याचा त्यात जवळजवळ काहीच संबंध उरत नाही. समजा, प्रवाह दहापट केला, तर २७ अंश सेल्सिअसला हा फरक ६० मिलिव्होल्टच्या जवळ येतो आणि दर अंशाला सुमारे ०.२ मिलिव्होल्टने बदलतो. इतका सूक्ष्म संकेत बोर्डावरून लांबवर नेला तर वाटेतल्या विद्युत गोंगाटात बुडून जाईल. म्हणून त्याचा अंक करण्याचं काम चिपमध्येच उरकतात. एलएम७५ नऊ बिटांचा अंक देते. त्यात सर्वांत लहान पायरी अर्ध्या अंशाची, पल्ला उणे ५५ ते १२५ अंशांचा.

बाहेरून पाहणाऱ्याला ही चिप म्हणजे चार रजिस्टर. शून्य क्रमांकाच्या रजिस्टरमध्ये तापमान असतं आणि ते फक्त वाचता येतं. पहिलं रजिस्टर कॉन्फिगरेशनचं, एका बाइटचं. दुसऱ्या आणि तिसऱ्यात दोन मर्यादा असतात, त्यांच्याकडे पुढे येऊ. ड्रायव्हर लिहिणाऱ्याचं सगळं जग या चार कप्प्यांत मावतं.

या कप्प्यांपर्यंत पोचायला दोन तारा असतात. फिलिप्स कंपनीने १९८२च्या सुमारास आणलेल्या आय-टू-सी या पद्धतीत एका तारेवर घड्याळाचे ठोके जातात आणि दुसरीवर माहितीचे बिट. याच दोन तारांवर अनेक चिप टांगलेल्या असतात. मग बोलणं कोणाशी चाललंय हे कसं कळणार? शाळेतल्या हजेरीसारखंच. बाई क्रमांक पुकारतात, ज्याचा क्रमांक असेल तो 'हजर' म्हणतो, बाकीचे गप्प बसतात. इथे क्रमांक सात बिटांचा असतो. एलएम७५च्या क्रमांकाचे पहिले चार बिट कारखान्यातच ठरलेले असतात आणि उरलेले तीन चिपच्या तीन पायांवरून ठरतात. त्यामुळे हेक्साडेसिमलमध्ये ४८ ते ४एफ असे आठ पत्ते मिळतात. एका बसवर, म्हणजे दोन तारांच्या एका जोडीवर, अशा आठच चिप राहू शकतात. 'हजर' म्हणण्यासाठी चिप नवव्या ठोक्याला माहितीची तार खाली ओढते. तार तशीच वर राहिली तर समजायचं, त्या पत्त्यावर कोणी नाही.

तापमान वाचण्याचा पूर्ण व्यवहार असा होतो. ड्रायव्हरच्या वतीने कंट्रोलर बसवर 'सुरुवात' हा संकेत देतो. मग 'पत्ता ४८, लिहायचं आहे'. चिप हजेरी देते. त्यानंतर एक बाइट, शून्य. म्हणजे 'यापुढे शून्य क्रमांकाच्या रजिस्टरबद्दल बोलू'. पुन्हा हजेरी. बस न सोडता पुन्हा 'सुरुवात', आणि आता 'पत्ता ४८, वाचायचं आहे'. आता चिप एकामागून एक दोन बाइट पाठवते. दुसऱ्या बाइटनंतर कंट्रोलर मुद्दाम हजेरी देत नाही, म्हणजे 'पुरे झालं', आणि बस मोकळी करतो. एकूण पाच बाइट, प्रत्येकी नऊ ठोके, म्हणजे ४५ ठोके. सेकंदाला १ लाख ठोक्यांच्या साध्या वेगानेही हे काम अर्ध्या मिलिसेकंदात उरकतं.

हे सगळे ठोके ड्रायव्हर स्वतः मोजत बसत नाही. ते काम बसच्या कंट्रोलरचं आणि त्याचा ड्रायव्हर वेगळा असतो. या विभागणीमुळेच एलएम७५चा तोच ड्रायव्हर इंटेलच्या मदरबोर्डावर, रास्पबेरी पायवर आणि नेटवर्कच्या राउटरमध्ये जसाच्या तसा चालतो. तो फक्त एवढंच म्हणतो, 'या पत्त्यावरच्या या रजिस्टरमधला एक शब्द आणून दे.'

आणि इथेच पहिला खड्डा येतो. दोन बाइटांचा शब्द वाचून देणारी कर्नलची तयार फंक्शन्स एसएम-बसच्या नियमाने चालतात. एसएम-बस हा आय-टू-सीचाच धाकटा भाऊ, इंटेलने १९९५मध्ये ठरवलेला. त्याच्या नियमानुसार शब्दातला कनिष्ठ बाइट आधी येतो. एलएम७५ मात्र वरिष्ठ बाइट आधी पाठवते. ही अदलाबदल ड्रायव्हरमध्ये केली नाही तर काय होतं, ते आकड्यांनीच पाहू. २५ अंश तापमान असताना चिप १९ आणि ०० हे दोन हेक्स बाइट पाठवते. उलटे वाचले तर शब्द होतो ००१९. त्यातले वरचे नऊ बिट सगळे शून्य, म्हणून तापमान शून्य. खोली अर्ध्या अंशाने तापली की चिप १९ आणि ८० पाठवते. उलटा शब्द ८०१९, आणि त्याचे वरचे नऊ बिट म्हणजे उणे १२८ अंश. गोठणबिंदूच्या वर कुठलंही तापमान असो, हा चुकीचा ड्रायव्हर आलटूनपालटून दोनच आकडे दाखवतो, शून्य आणि उणे १२८. हे लक्षण एकदा ओळखीचं झालं की तासन्‌तासांचं डोकं खाजवणं वाचतं. अदलाबदल करून वाचणारं वेगळं फंक्शन कर्नलमध्ये आहे, ते वापरायचं.

दुसरा खड्डा जास्त लबाड, कारण तो लगेच दिसत नाही. शून्याखालचं तापमान चिप टूज कॉम्प्लिमेंट पद्धतीने पाठवते, म्हणजे सर्वांत वरचा बिट १ असेल तर आकडा ऋण. उणे २५ अंशांना येणारा शब्द हेक्समध्ये ई७०० असतो. तो चिन्ह न मानता वाचला तर उत्तर येतं २३१ अंश. सी भाषेत हा फरक चलाच्या प्रकारातल्या एका शब्दाचा असतो. पुण्यात टेबलावर ठेवून असा ड्रायव्हर कितीही दिवस तपासा, कधीच चूक दिसणार नाही, कारण खोली कधी शून्याखाली जाणारच नाही. तोच ड्रायव्हर पोलिओची लस साठवणाऱ्या उणे २० अंशांच्या फ्रीझरमध्ये बसवला की पहिल्याच वाचनाला आग लागल्याची घंटा वाजेल. किंवा लडाखमध्ये, द्रासच्या हिवाळ्यात उघड्यावर ठेवलेल्या पेटीत. म्हणून ड्रायव्हर तपासताना खोलीच्या हवेवर विसंबू नये. बर्फाच्या पिशवीवर मीठ घालून चिप तिला टेकवावी, किंवा खोट्या चिपचं सोंग घेणारा प्रोग्रॅम वापरून उणे आकडे मुद्दाम पाठवावेत. लिनक्समध्ये अशी सोंगाची चिप उभी करायची सोय आहे.

शब्दात सोळा बिट येतात, त्यांतले कामाचे नऊ. ते डावीकडे सरकवलेले असतात आणि उजवीकडचे सात बिट टाकून द्यायचे असतात. ही रचना करणाऱ्या अभियंत्याला मनापासून दाद द्यावीशी वाटते. पुढे बारा बिटांच्या, म्हणजे ०.०६२५ अंशांपर्यंत उतरणाऱ्या चिप आल्या, तेव्हा त्यांनी जादा बिट त्याच रिकाम्या उजव्या जागेत ठेवले. डावीकडचा बाइट पूर्वीप्रमाणे पूर्ण अंशच सांगत राहिला. जुना ड्रायव्हर नव्या चिपवर चालवला तरी तापमान बरोबर येतं, फक्त जादा बारकावा मिळत नाही.

आता त्या ४५५०० या चमत्कारिक आकड्याकडे. सरळ ४५.५ का नाही? लिनक्स कर्नलच्या आत दशांश अपूर्णांकांचं, म्हणजे फ्लोटिंग पॉइंटचं गणित सहसा करतच नाहीत. प्रोसेसरमध्ये या गणितासाठी वेगळी रजिस्टर असतात आणि त्यांत चालू प्रोग्रॅमचे आकडे असतात. कर्नलमध्ये शिरताना दरवेळी ती जपून ठेवायची म्हटली तर वेळ जातो, म्हणून ती जपलीच जात नाहीत. कर्नलने त्यांना हात लावला तर तुमच्या स्प्रेडशीटमधला आकडा बिघडेल. यावर तोडगा म्हणजे अंशाचा हजारावा भाग हे एकक घ्यायचं आणि सगळं पूर्णांकांत करायचं. नऊ बिटांचा आकडा ५०० ने गुणला की झालं. ९१ गुणिले ५०० बरोबर ४५५००.

हे एकक एका ड्रायव्हरपुरतं नाही. लिनक्सच्या हार्डवेअर मॉनिटर विभागात शेकडो ड्रायव्हर आहेत आणि त्या सगळ्यांना एकच नियम आहे. तापमान मिलिअंशांत, व्होल्टेज मिलिव्होल्टमध्ये, प्रवाह मिलिअँपिअरमध्ये, पंख्याचा वेग मिनिटाला फेऱ्यांत. फाइलींची नावंही ठरलेली. आज हे इतकं सहज वाटतं की त्यामागचे कष्ट डोळ्यांआड होतात. १९९८मध्ये फ्रोडो लोइयार्ड आणि फिलिप एडेलब्रॉक यांनी एलएम-सेन्सर्स हा प्रकल्प उभा केला, तेव्हा हे ड्रायव्हर लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये नव्हते. ते वेगळे आणून बसवावे लागत. वापरणाऱ्याच्या बाजूच्या लायब्ररीला प्रत्येक चिपची स्वतंत्र माहिती द्यावी लागे. नवी चिप आली की कर्नलमध्ये ड्रायव्हर हवा आणि लायब्ररीतही भर हवी. २००३च्या अखेरीस आलेल्या २.६ कर्नलपासून हे ड्रायव्हर मुख्य घरात आले आणि २००५मध्ये त्यांना स्वतःची वेगळी खोली मिळाली. एकसारख्या नावांचा आणि एककांचा नियम रुजला, तशी लायब्ररीला चिपची नावं पाठ करण्याची गरज उरली नाही. या विभागाची देखभाल ज्याँ डेलवार आणि नंतर गुंटर रोएक यांनी वर्षानुवर्षं केली आहे. तुमच्या संगणकाचं तापमान दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला आत कुठली चिप आहे हे ठाऊक नसतं, याचं श्रेय या माणसांच्या चिकाटीला आहे.

एक प्रश्न आतापर्यंत बाजूला ठेवला होता. बोर्डावर एलएम७५ आहे आणि ती ४८ या पत्त्यावर आहे, हे ड्रायव्हरला सांगतं कोण?

यूएसबीचा माउस लावला की तो स्वतःची ओळख देतो, कंपनी अमुक, मॉडेल तमुक. आय-टू-सीवर अशी पद्धत नाही. 'हजर' एवढंच ऐकू येतं, नाव कळत नाही. आणि मूळ एलएम७५मध्ये तर ओळख सांगणारं रजिस्टरही नाही. बरं, ४८ हा पत्ता काही तिच्या एकटीच्या मालकीचा नाही. एडीएस१११५ हा व्होल्टेज मोजणारा कन्व्हर्टरही तिथे भेटू शकतो. जुन्या पीसीच्या मदरबोर्डांवर काय बसवलं आहे हे कुठे नोंदलेलं नसायचं, त्यामुळे ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना गुप्तहेरगिरी करावी लागली. एलएम७५च्या ड्रायव्हरमधला हा भाग वाचताना मला दरवेळी आनंद होतो. तो चिपच्या सवयींवरून तिला ओळखतो. कॉन्फिगरेशन रजिस्टरचे वरचे तीन बिट कधी वापरलेच जात नाहीत, ते शून्य आहेत ना? चार ते सात हे क्रमांक अस्तित्वातच नाहीत. ते वाचायला गेलं तर ही चिप शेवटी वाचलेलाच आकडा परत देते, तसंच होतंय ना? आठ क्रमांकांनंतर रजिस्टर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात ना? एवढ्या परीक्षा पार पडल्या तरच ड्रायव्हर म्हणतो, ही एलएम७५ असावी.

पण नुसतं विचारणंसुद्धा धोक्याचं असू शकतं, हा धडा फार महागात मिळाला. चिप शोधण्यासाठी बसवरचे पत्ते एकेक करून तपासणारा एक प्रोग्रॅम एलएम-सेन्सर्सबरोबर येत असे. आयबीएमच्या काही थिंकपॅड लॅपटॉपांवर तो चालवल्यावर लॅपटॉप पुन्हा सुरूच होईनात. त्यांत २४आरएफ०८ नावाची एक कायमस्वरूपी स्मृतीची चिप होती आणि लॅपटॉप सुरू होण्यासाठी लागणारी माहिती तिच्यात साठवलेली होती. तिच्या आतल्या तर्करचनेत एक दोष होता. पत्ता पुकारून काहीही न लिहिता बस सोडून दिली, तर तिच्यातली माहिती बिघडू शकत असे. विचारणाऱ्याने नियम मोडलेला नव्हता, तरी यंत्र निकामी झालं. त्यानंतर आयबीएमचं यंत्र दिसलं की बसच्या एका ड्रायव्हरने कामच नाकारायला सुरुवात केली. आजही लिनक्सच्या आय-टू-सी विभागात चिप शोधताना ३० ते ३७ आणि ५० ते ५एफ या पत्त्यांवर वेगळी, फक्त वाचणारी पद्धत वापरली जाते आणि तिच्याशेजारच्या टिप्पणीत २४आरएफ०८चं नाव नमूद आहे.

या घटनेकडे मी ड्रायव्हर लेखनातला सर्वांत महत्त्वाचा प्रसंग म्हणून पाहतो. साध्या प्रोग्रॅममधली चूक बहुधा प्रोग्रॅम बंद पाडते. ड्रायव्हरमधल्या चुकीने एखाद्याचं विकत घेतलेलं यंत्र कायमचं जाऊ शकतं. म्हणून जिथे खात्री नाही तिथे हात न लावणं, हा या कामातला संयम सर्वांत आधी शिकावा लागतो. आताच्या एम्बेडेड बोर्डांवर अंदाज बांधण्याची वेळ येत नाही. बोर्ड बनवणारा 'डिव्हाइस ट्री' नावाच्या फाइलीत लिहून ठेवतो, अमुक बसवर, ४८ या पत्त्यावर, नॅशनलच्या एलएम७५सारखी चिप आहे. कर्नल ती ओळ वाचतो, जुळणारा ड्रायव्हर शोधतो आणि त्याच्या 'प्रोब' या फंक्शनला हाक मारतो. एखादी सुटी चिप रास्पबेरी पायला जोडून पाहायची असेल तर तुम्ही स्वतःही बसच्या 'न्यू_डिव्हाइस' फाइलीत चिपचं नाव आणि पत्ता लिहून ही ओळख करून देऊ शकता.

प्रोबमध्ये आणखी एक छोटी गोष्ट घडते. एलएम७५ला झोपवून ठेवायची सोय आहे, कॉन्फिगरेशनचा सर्वांत खालचा बिट १ केला की ती मोजणं थांबवते. ड्रायव्हर आधी सध्याचं कॉन्फिगरेशन वाचून लक्षात ठेवतो आणि मगच तिला जागं करतो. संगणक झोपी जाताना तो तिलाही झोपवतो. आणि ड्रायव्हर काढून टाकला की चिप ज्या अवस्थेत सापडली होती त्याच अवस्थेत परत ठेवतो.

आता त्या दोन मर्यादा. तिसऱ्या रजिस्टरमध्ये वरची मर्यादा असते आणि वीज आल्यावर ती आपोआप ८० अंशांवर असते. दुसऱ्यातली खालची मर्यादा ७५ अंशांवर. तापमान ८०च्या पुढे गेलं की चिपचा एक पाय इशारा देतो आणि ते ७५च्या खाली येईपर्यंत मागे घेत नाही. दोन मर्यादांमध्ये हे अंतर नसतं तर ८०च्या आसपास रेंगाळणाऱ्या तापमानाने पंखा दर क्षणी चालू-बंद झाला असता. या मर्यादा वापरणारा बदलू शकतो, म्हणजे इथे ड्रायव्हरला लिहावंही लागतं. कोणी ५०० अंश लिहिलं तर? नऊ बिटांत ५०० अंश मावत नाहीत. वरचे बिट गळून पडतील आणि चिपला मिळेल उणे १२ अंशांची मर्यादा, म्हणजे यंत्र कायम धोक्याच्या इशाऱ्यात. म्हणून ड्रायव्हर आधी आकडा चिपच्या पल्ल्यात दाबून बसवतो, ५०० चे १२५ करतो. मग जवळच्या अर्ध्या अंशाला पूर्ण करतो. त्यासाठी मिलिअंशांत २५० मिळवतो. ऋण आकड्याला मात्र २५० वजा करतो, नाहीतर शून्याखालचे आकडे चुकीच्या बाजूला झुकतील. जुन्या ड्रायव्हरमधली ही एक ओळ नवशिक्याने दोनदा वाचावी.

आकडा मिळालाच नाही तर काय करायचं, याचा विचार या कामात सर्वांत कमी होतो आणि सर्वांत जास्त व्हायला हवा. चिपने हजेरी दिली नाही तर ड्रायव्हर शून्य परत करत नाही, फाइल वाचणंच अयशस्वी ठरवतो. शून्य हे खरं तापमान असू शकतं. चूक आणि तापमान यांच्यात गल्लत होता कामा नये. पण काही चुका तापमानाचा वेश घेऊनच येतात. आय-टू-सीच्या तारा विश्रांतीत वर ओढलेल्या असतात. चिपने हजेरी दिली आणि नेमका त्याच क्षणी तिचा जोड सुटला, तर पुढचे सोळाही बिट १ वाचले जातील. त्यांचा अर्थ होतो उणे अर्धा अंश. मुंबईत मे महिन्यात हा आकडा हास्यास्पद, श्रीनगरमध्ये जानेवारीत अगदी शक्य. एलएम७५कडे आलेले बाइट पडताळण्यासाठी काहीही नाही, आणि यंत्र कुठल्या गावात आहे हे ड्रायव्हरला माहीत नसतं.

डीएस१८बी२० या दुसऱ्या लोकप्रिय चिपने हा प्रश्न थोडा सोडवला आणि थोडा वाढवला. ती एकाच तारेवर बोलते, प्रत्येक चिपचा क्रमांक जगात एकमेव असतो आणि ती प्रत्येक उत्तरासोबत पडताळणीचा एक बाइट पाठवते. वाटेत बिट बिघडले तर लगेच कळतं. मात्र वीज आल्यानंतर पहिलं मोजमाप होण्याआधी तिच्या रजिस्टरमध्ये ८५ अंश हा आकडा असतो. बारा बिटांच्या मोजमापाला तिला पाऊण सेकंदापर्यंत वेळ लागतो. घाई करून वाचलं, किंवा मोजताना वीज कमी पडून ती पुन्हा सुरू झाली, तर मिळतात ८५ अंश, पडताळणीत एकदम चोख. पल्ला १२५ अंशांपर्यंतचा असल्याने हे खोटं म्हणून टाकूनही देता येत नाही. लिनक्सच्या ड्रायव्हरमध्ये याच्यासाठी एक खास तपासणी आहे. आकडा ८५ असेल आणि स्मृतीतला सहाव्या क्रमांकाचा बाइटही सुरुवातीच्या स्थितीतच असेल, तर मोजमाप झालंच नाही असं समजून ड्रायव्हर चूक कळवतो. घरच्या पाण्याच्या टाकीसाठी किंवा हरितगृहासाठी हा सेन्सर वापरणाऱ्यांनी आलेखातला ८५चा उभा सुळका हमखास पाहिलेला असतो.

याला एवढं महत्त्व का, तर हा आकडा आता फक्त माणसं पाहत नाहीत. हाच ड्रायव्हर कर्नलच्या उष्णता-नियंत्रण विभागाकडेही तापमान पोचवू शकतो. तो विभाग त्यावरून पंख्याचा वेग ठरवतो, प्रोसेसरची गती कमी करतो आणि फारच झालं तर यंत्र बंद करतो. खोट्या ८५ने धडधाकट सर्व्हर बंद पडू शकतो आणि खोट्या शून्याने तापलेला सर्व्हर तसाच तापत राहू शकतो. त्यात आकड्याच्या मर्यादाही ध्यानात ठेवाव्या लागतात. एलएम७५ची पायरी अर्ध्या अंशाची असली तरी अचूकता उणे २५ ते १०० अंशांच्या पट्ट्यात अधिक-उणे २ अंशांची आहे. शिवाय तिला उष्णता मिळते मुख्यतः तिच्या पायांतून, म्हणजे बोर्डाच्या तांब्यातून. खोलीच्या हवेचं तापमान कळावं म्हणून ती गरम प्रोसेसरशेजारी बसवली तर ती प्रामाणिकपणे प्रोसेसरशेजारच्या तांब्याचं तापमान सांगत राहील. ती कुठे बसवावी, हे ठरवणं ड्रायव्हरच्या हातात नसतं.

कोणाला या कामात उतरायचं असेल तर आज दार उघडं आहे. मूळ ड्रायव्हरमध्ये आता एक तक्ता आहे. प्रत्येक चिपमागे तिचे किती बिट, मोजायला किती वेळ, कॉन्फिगरेशनचे कोणते बिट सुरुवातीला बदलायचे, एवढी माहिती. बाजारात आलेली नवी चिप एलएम७५च्या घराण्यातली असेल तर बहुतेकदा या तक्त्यात एक नोंद, नावांच्या यादीत एक ओळ आणि दस्तऐवजात दोन ओळी पुरतात. पण त्या लिहिण्याआधी चिपची डेटाशीट पहिल्या पानापासून शेवटच्या तळटिपेपर्यंत वाचावी लागते, कारण नेमकं तळटिपेतच लिहिलेलं असतं की या चिपमध्ये कॉन्फिगरेशन रजिस्टर एका बाइटचं नसून दोन बाइटांचं आहे.